लढाऊ वैमानिकाची वाट : बुलढाण्यापासून कॉकपिटपर्यंत

बुलढाणा जिल्ह्यात हवाई दलाचा तळ नाही आणि नियमित प्रवासी सेवा असलेला विमानतळही नाही. शेगाव, खामगाव, चिखली वा मेहकरच्या विद्यार्थ्याला लढाऊ विमान दिसते ते प्रामुख्याने छोट्या पडद्यावर, प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात. तरीही दहावी-बारावीच्या निकालानंतर 'फायटर पायलट व्हायचे आहे' असे सांगणारी मुले, आणि आता मुलीही, या जिल्ह्यातील शाळांतून भेटतात. अडचण इच्छेची नसते, माहितीची असते. ज्या वयात वाट निवडावी लागते त्या वयात ती कोणी दाखवीत नाही. आणि ती कळते तेव्हा वय उलटून गेलेले असते.

ही वाट कशी आहे, याचे उत्तर लढाऊ वैमानिकांच्या अनुभवातच शोधावे लागते. महाराष्ट्राने भारतीय हवाई दलाला या शाखेतले चार दलप्रमुख दिले आहेत : एअर चीफ मार्शल हृषीकेश मुळगावकर (१९७६ ते १९७८), अनिल यशवंत टिपणीस (१९९८ ते २००१), प्रदीप वसंत नाईक (२००९ ते २०११) आणि विवेक राम चौधरी (२०२१ ते २०२४). मुळगावकर मुंबईचे, नाईक यांचा जन्म नागपूरचा, तर चौधरी यांचे मूळ गाव नांदेड जिल्ह्याच्या हदगाव तालुक्यातील हस्तरा. विमान, प्रशिक्षण, नेतृत्व आणि कारकीर्द या चार बाबींकडे लढाऊ वैमानिक कसे पाहतात, हे त्यांच्या आणि त्यांच्या समकालीनांच्या वाटचालीतून स्पष्ट होते.

विमान : शस्त्र आणि जोखीम

सामान्य वाचकाला विमानाचा वेग आणि त्यावरील क्षेपणास्त्रे महत्त्वाची वाटतात. वैमानिक आधी विचारतो, हे विमान शत्रूच्या विमानापुढे टिकेल काय आणि चूक झाली तर ते सावरायला वेळ देईल काय?

पहिल्या प्रश्नाचे कठोर उत्तर १ सप्टेंबर १९६५ रोजी मिळाले. छांब भागात पाकिस्तानी रणगाड्यांचा रेटा थोपविण्यासाठी त्या सायंकाळी पठाणकोटहून जुनी व्हॅम्पायर विमाने पाठविण्यात आली. समोर अमेरिकी बनावटीची सेबर विमाने होती. चार व्हॅम्पायर विमाने गमवावी लागली. वैमानिकांचे धैर्य वादातीत होते. परंतु दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस आकाराला आलेल्या विमानाने पुढच्या पिढीच्या विमानाशी झुंज घेणे हीच मुळात असमान लढत होती. त्यानंतर व्हॅम्पायर विमाने आघाडीवरून मागे घेण्यात आली.

दुसरा प्रश्न मिग-२१ ने दीर्घकाळ विचारला. १९६३ मध्ये हवाई दलात आलेले हे देशाचे पहिले स्वनातीत, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगवान, लढाऊ विमान. त्याची बांधणी पुढे नाशिकजवळच्या ओझर येथील हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात होऊ लागली. १९७१ च्या युद्धात त्याने आपली योग्यता सिद्ध केली. पण उतरताना त्याचा वेग ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे राहत असे. नवख्या वैमानिकाला चूक सुधारण्यासाठी काही क्षणच मिळत. तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी २०१२ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार, सेवेत आलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ विमाने त्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत अपघातांत नष्ट झाली होती आणि त्यांत १७१ वैमानिकांचा मृत्यू झाला होता. मृतांमध्ये जमिनीवरील ३९ नागरिकही होते. मानवी चूक आणि तांत्रिक बिघाड अशी दोन्ही कारणे त्यांनी नमूद केली होती.

मात्र जुन्या वैमानिकांना मिग-२१ विषयी राग नव्हता, हेही ध्यानात घेतले पाहिजे. ज्या विमानाने उड्डाण शिकविले त्याविषयी त्यांच्या मनात आदरच राहिला. तक्रार होती ती ते निवृत्त करण्यास लागलेल्या विलंबाची. एवढ्या जुन्या मोटारीही कोणी चालवीत नाही, असे तत्कालीन हवाई दलप्रमुख बी. एस. धनोआ यांनी २०१९ मध्ये जाहीरपणे बोलून दाखविले होते. त्याच्या दहा वर्षे आधी, २००९ मध्ये, नाईक यांनी आपले विमानबळ अपुरे असून ते चीनच्या एक तृतीयांश असल्याचे स्पष्टपणे सांगितले होते. अखेर २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे मिग-२१ ला निरोप देण्यात आला. त्यानंतर हवाई दलाकडे लढाऊ स्क्वाड्रन उरल्या २९. मंजूर संख्या आहे ४२.

ही तूट भरून काढण्यात ओझरचा पुन्हा वाटा आहे. सुखोई-३० एमकेआय विमानांची बांधणी तेथेच झाली आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेथे तयार झालेल्या पहिल्या तेजस एमके-१ए विमानाने उड्डाण केले. मात्र विमाने वेळेवर मिळत नाहीत ही हवाई दलाची तक्रार कायम आहे. हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग यांनी २०२५ मध्ये ती उघडपणे मांडली.

प्रशिक्षण : बावीस वर्षांचा विलंब

विमान कितीही उत्तम असले तरी ते उडविणारा तयार व्हावा लागतो. लढाऊ वैमानिकाची घडण टप्प्याटप्प्याने होते. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून म्हणजे खडकवासल्याहून जाणारा छात्र तीन वर्षांच्या शिक्षणानंतर हैदराबादजवळच्या दुंडिगल येथील हवाई दल अकादमीत दाखल होतो. पदवीनंतर थेट प्रवेश घेणारेही तेथेच येतात. प्राथमिक उड्डाण पिलाटस पीसी-७ या पंख्याच्या विमानावर शिकविले जाते. त्यातील कामगिरीनुसार आणि सेवेच्या गरजेनुसार लढाऊ, मालवाहू आणि हेलिकॉप्टर अशा शाखा ठरतात. लढाऊ शाखेतील वैमानिक पुढे जेट प्रशिक्षण विमानांकडे वळतो आणि हॉक विमानावर त्याची खरी कसोटी लागते. हॉकचे प्रशिक्षण केंद्र महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या बीदर येथे आहे.

हॉकची कथा प्रत्येक पालकाने जाणून घ्यावी अशी आहे. संथ प्रशिक्षण विमान आणि वेगवान मिग-२१ यांच्यातील अंतर फार मोठे आहे, मधली पायरी म्हणून प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवे, अशी शिफारस ला फाँटेन समितीने १९८२ मध्ये केली. करार झाला मार्च २००४ मध्ये आणि हॉक विमाने सेवेत आली २००८ मध्ये. मधल्या काळात नवे वैमानिक किरणसारख्या प्रशिक्षण विमानावरून निघून, जुन्या लढाऊ विमानांवरील संक्रमण प्रशिक्षण घेऊन, मिग-२१ पर्यंत पोहोचत. १९८६ पासून आसाममधील तेजपूर येथे त्यासाठी स्वतंत्र केंद्र होते. परंतु तेथेही शिकायचे ते मिग-२१ वरच. जिन्याची एक पायरीच नसावी तशी ही अवस्था होती. उडी चुकल्यावर दोष पाय टाकणाऱ्याच्या माथी जाई.

प्राथमिक टप्प्यावरही हाच अनुभव आला. इंजिन बंद पडण्याच्या तक्रारींमुळे एचपीटी-३२ विमाने २००९ मध्ये जमिनीवर आणावी लागली आणि त्यांच्या जागी पिलाटस यायला २०१३ उजाडले. आता स्वदेशी एचटीटी-४० या ७० विमानांची मागणी २०२३ मध्ये नोंदविण्यात आली आहे.

स्क्वाड्रनमध्ये रुजू झाल्यानंतरही शिक्षण संपत नाही. नवा वैमानिक आधी विमान सुरक्षितपणे उडवायला शिकतो, नंतर सोबत्याच्या पंखाला पंख लावून उडायला, त्यानंतर लढायला. दोन आणि चार विमानांचे नेतृत्व करण्याची परवानगी तर वर्षांनी मिळते. प्रत्येक उड्डाणापूर्वी आखणी आणि उड्डाणानंतर चिकित्सा होते. ही चिकित्सा बहुधा उड्डाणापेक्षा जास्त वेळ चालते. हवाई डावपेचांचे उच्च शिक्षण ग्वाल्हेर येथील विशेष संस्थेत मिळते. १ फेब्रुवारी १९७१ रोजी ती आदमपूर येथे सुरू झाली होती. प्रशिक्षक वैमानिक तयार करणारी संस्था चेन्नईजवळ तांबरम येथे आहे.

शरीराचीही परीक्षा असते. वेगात वळण घेताना गुरुत्वाच्या नऊपट भार येऊ शकतो. म्हणजे सत्तर किलो वजनाच्या माणसाला क्षणभर सहाशे तीस किलोंचा दाब सोसावा लागतो. रक्त मेंदूकडून पायांकडे ओढले जाते, डोळ्यांपुढे अंधारी येते. विशिष्ट श्वसन, पोट व पायांचे स्नायू आवळण्याचा सराव आणि दाब देणारा पोशाख यांच्या आधारे वैमानिक शुद्धीवर राहतो. हे कौशल्य सरावानेच येते.

नेतृत्व : कॉकपिटमधून

पायदळ वा तोफखान्यात अधिकारी मोठ्या तुकडीला पुढे नेतो. हवाई दलात लढतात ते प्रामुख्याने अधिकारीच, आणि तेही एकेकट्याने किंवा जोडीने; तंत्रज्ञ आणि शस्त्र बसविणारे त्यांच्या पाठीशी जमिनीवर असतात. त्यामुळे स्वतः न उडणारा अधिकारी वैमानिकांचा विश्वास संपादन करू शकत नाही, हा या सेवेचा अलिखित नियम आहे. मुळगावकर यांनी आपल्या इंग्रजी आत्मकथनाला दिलेल्या नावाचा अर्थच 'कॉकपिटमधून नेतृत्व' असा होतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर उडालेला आणि १९४७-४८ मध्ये काश्मीरच्या लढाईत महावीर चक्राचा मानकरी ठरलेला हा वैमानिक दलप्रमुख असताना उड्डाण, लढाई आणि विजय ही हवाई दलाची ध्येयत्रयी म्हणून ओळखली गेली. जग्वार विमाने घेण्याचा निर्णयही १९७८ मध्येच झाला.

टिपणीस यांची कसोटी १९९९ च्या कारगिल युद्धात लागली. २६ मे रोजी हवाई कारवाई सुरू झाली आणि पहिल्या तीन दिवसांतच दोन लढाऊ विमाने व एक हेलिकॉप्टर गमवावे लागले. इतक्या उंच डोंगरांवरील लक्ष्यांवर अशी लढाई हवाई दलाने याआधी केली नव्हती. पद्धत बदलली, विमाने खांद्यावरून डागल्या जाणाऱ्या क्षेपणास्त्रांच्या टप्प्याबाहेरून हल्ले करू लागली आणि मिराज-२००० विमानांवर लेसरने दिशा मिळणारे बॉम्ब बसविण्यात आले. २४ जून रोजी टायगर हिलवर असा हल्ला झाला, तेव्हा दुसऱ्या मिराजमध्ये मागील आसनावर दलप्रमुख टिपणीस स्वतः होते. हल्ल्याचा निकाल त्यांनी डोळ्यांनी पाहिला. हीच परंपरा पुढेही दिसली. मिग-२१ च्या निरोपाच्या दिवशी ए. पी. सिंग यांनी स्वतः ते विमान उडविले.

या नेतृत्वाची आणखी एक बाजू आहे. हवेत ज्याच्याकडे रचनेचे नेतृत्व सोपविलेले असते त्याचा शब्द अंतिम मानला जातो, मग मागे उडणारा हुद्द्याने ज्येष्ठ का असेना. उड्डाणानंतरच्या चिकित्सेत ज्येष्ठाची चूकही मांडली जाते. चूक लपविली तर तीच चूक पुढच्या वैमानिकाचा जीव घेऊ शकते, ही जाणीव त्यामागे असते.

संकटात ही घडण कशी कामी येते, याचे उदाहरण दिलीप परुळकर यांचे. १९६५ मध्ये गोळीने खांदा जायबंदी झालेला असताना त्यांनी मार लागलेले विमान तळावर परत आणले आणि वायुसेना पदक मिळविले. १० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे सुखोई-७ पाडले गेले आणि ते युद्धकैदी झाले. रावळपिंडीच्या छावणीतून १३ ऑगस्ट १९७२ च्या पहाटे त्यांनी एम. एस. ग्रेवाल आणि हरिश सिंहजी यांच्यासह पलायन केले. अफगाण सीमेच्या अगदी जवळ, लंडी कोतल येथे ते पकडले गेले. सीमा ओलांडता आली नाही. परंतु शत्रूच्या बंदिवासातही स्वस्थ न बसण्याची ती वृत्ती हवाई दलाच्या इतिहासात नोंदली गेली. परुळकर यांचे ऑगस्ट २०२५ मध्ये निधन झाले.

कारकीर्द : आकर्षण आणि वास्तव

लढाऊ वैमानिकाची कारकीर्द बाहेरून दिसते तशी निव्वळ रोमांचक नसते. फ्लाइंग ऑफिसर म्हणून सुरुवात होते. दोन वर्षांनी फ्लाइट लेफ्टनंट, सहा वर्षांनी स्क्वाड्रन लीडर आणि तेरा वर्षांनी विंग कमांडर हे हुद्दे सेवाकालानुसार मिळतात. ग्रुप कॅप्टनपासून निवड होते आणि तेथे शर्यत तीव्र असते. नेमके याच सुमारास सक्रिय उड्डाण कमी होऊन कार्यालयीन जबाबदाऱ्या वाढतात. म्हणजे ज्यासाठी माणूस या सेवेत आला ते काम चाळिशीच्या आसपास हातातून सुटू लागते. काहींना त्याचे शल्य वाटते. काही प्रशिक्षक वा परीक्षण वैमानिक होऊन उड्डाणाशी नाते टिकवितात. चौधरी यांची वाटचाल या दृष्टीने बोलकी आहे. मिग-२१, मिग-२३, मिग-२९ आणि सुखोई-३० या विमानांवर ३,८०० तासांहून अधिक उड्डाण केलेला हा वैमानिक 'अ' श्रेणीचा प्रशिक्षक होता आणि पुढे हवाई दल अकादमीचा उपप्रमुखही झाला.

प्रकृतीचा प्रश्नही असतो. आसनासह बाहेर फेकले जाण्याने मणक्याला इजा होऊ शकते. वैद्यकीय श्रेणी घसरली की लढाऊ विमान कायमचे सुटू शकते. उड्डाण प्रशिक्षणातूनच काही छात्रांना वगळले जाते. त्यांना सेवेच्या इतर शाखांचा विचार करावा लागतो. निवृत्तीनंतर नागरी विमान कंपन्यांत जाणे मालवाहू विमानांच्या वैमानिकांना तुलनेने सोपे जाते, कारण त्यांचे उड्डाणाचे तास अधिक असतात. लढाऊ वैमानिकाचे एक उड्डाण अनेकदा तासाभराचेच असते.

दुसरीकडे, या क्षेत्राची दारे पूर्वीपेक्षा रुंद झाली आहेत. १८ जून २०१६ रोजी अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग या पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिक झाल्या. २०२२ पासून राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुलींना प्रवेश मिळू लागला आणि त्यांची पहिली तुकडी ३० मे २०२५ रोजी दीक्षान्त संचलनात सहभागी झाली.

बुलढाण्याच्या विद्यार्थ्यासाठी वाट

वरील सर्व बाबींचा निष्कर्ष जिल्ह्यातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने एकच निघतो. ही वाट दहावीच्या आधी माहीत असली पाहिजे.

प्रबोधिनीसाठी प्रवेशावेळी वय साडेसोळा ते साडेएकोणीस असावे लागते आणि हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हे विषय आवश्यक असतात. दहावीनंतर कला वा वाणिज्य शाखा घेतली की हा मार्ग बंद होतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा वर्षातून दोनदा होते. लेखी परीक्षा ९०० गुणांची, मुलाखत मंडळाची कसोटीही ९०० गुणांची.

या परीक्षेच्या तयारीसाठी राज्य शासनाची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे १९७७ पासून कार्यरत आहे. बुलढाण्याहून ती सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. दहावीच्या विद्यार्थ्यांची लेखी परीक्षा व मुलाखत घेऊन तेथे प्रवेश दिला जातो आणि अकरावी-बारावी तेथेच होते. मुलींसाठी अशीच संस्था २०२३ मध्ये नाशिक येथे सुरू झाली. त्याही आधी, सहावी किंवा नववीला, सैनिकी शाळेचा पर्याय असतो. सातारा येथील सैनिक स्कूल १९६१ चे. नाईक तेथलेच माजी विद्यार्थी. विदर्भात चंद्रपूर येथे २०१९ मध्ये सैनिक स्कूल सुरू झाले.

पदवीधरांनाही संधी असते. शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडणारा विद्यार्थी हवाई दलाची सामायिक प्रवेश परीक्षा देऊ शकतो; उड्डाण शाखेसाठी वय वीस ते चोवीस असावे लागते आणि या मार्गाने मिळणारी सेवा चौदा वर्षांची असते. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागाचे 'सी' प्रमाणपत्र असलेल्यांसाठी वेगळा प्रवेश आहे. अग्निवीर वायू ही भरती मात्र वैमानिकांची नाही. वैमानिक अधिकारीच असतो, ही गफलत टाळावी.

सर्वांत महत्त्वाची अट शेवटी. उड्डाण शाखेसाठी संगणकीकृत वैमानिक निवड चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. तीत अपयश आले तर त्यानंतर कोणत्याही मार्गाने वैमानिक होता येत नाही. ही चाचणी पाठांतराने साधत नाही. हात, डोळे आणि लक्ष यांचा मेळ ती तपासते. म्हणून पुरेशी झोप न घेता, प्रवासाच्या थकव्यात, 'यंदा बघू तर खरे' अशा भावनेने ती देऊ नये. दृष्टी, रंगज्ञान, किमान १६२.५ सेंटिमीटर उंची आणि पायांची लांबी यांचे निकष तयारी सुरू करण्यापूर्वीच तपासून घ्यावेत. वर्षभराचा अभ्यास आणि शिकवणीचा खर्च झाल्यावर डोळ्यांचा दोष कळणे दुःखद असते. मुलाखत इंग्रजीत होते. मराठी माध्यमातील विद्यार्थ्याने त्याला घाबरण्याचे कारण नाही, पण रोज बोलण्याचा सराव आठवी-नववीपासून हवा.

मिग-२१ च्या काळात मधली पायरी नसल्याची किंमत तरुण वैमानिकांनी चुकती केली. ती पायरी हवाई दलाने आता बांधली आहे. खेड्यातील शाळा आणि खडकवासला यांच्यामधली पायरी मात्र शिक्षक, पालक आणि माजी सैनिकांनाच बांधावी लागेल. दहावीच्या वर्गात एखाद्या निवृत्त हवाई योद्ध्याने तासभर दिलेली माहितीही त्यासाठी पुरेशी ठरू शकते.